कुठे जायचंच नसेल, तर गुरू कशाला?

प्रश्न : झेनमध्ये म्हणे कुठे पोहोचायचंच नसतं. वर्षभर पुस्तकं वाचून मी एकटाच ध्यानाला बसतो. तरी गुरू लागतोच का?

उत्तर : जपानमध्ये झेनच्या शिकाऊ भिक्षूला ‘उन्सुइ’ म्हणतात, म्हणजे ‘ढग-पाणी’. नावातच भटकंती आहे. पण ती गुरूच्या शोधातली, हे आपण विसरतो. जपानी झेन भिक्षू डोगेन १२२३ मध्ये चीनला गेले. अजून जहाजावरच होते, तेव्हा एका मठाचा म्हातारा स्वयंपाकी अळंबी विकत घ्यायला आला. या वयात ध्यान सोडून रांधत का बसता, असं डोगेननी विचारलं. म्हातारा मोठ्याने हसला, साधना म्हणजे काय हे तुला उमगलेलं नाही म्हणाला आणि मुक्कामाला न थांबता मठाकडे परतला. मला ही गोष्ट फार प्रिय आहे : शिकवण न मागता, गोदीत मिळाली. डोगेन मात्र तेवढ्यावर थांबले नाहीत. मठामागून मठ हिंडले, १२२५ मध्ये चिनी गुरू रुजिंग यांना भेटले आणि त्यांच्यापाशी राहिले.

तुम्ही एकट्याने बसणं सोडू नका. पण अधूनमधून जाणत्या माणसासमोर बसा. आपली पाठ कधी वाकली, हे आपल्याला दिसत नाही.