पेढीवरील संगणक व डोळ्यांची विश्रांती

जुन्या पेढीवर दिवाणजी गादीवर बसून कीर्द-खतावणी लिहीत. ते कामही बारीकच होते. परंतु त्यात डोळ्यांना न मागता विश्रांती मिळे. टाक दौतीत बुडवावयाचा, फडताळातील दुसरी वही काढावयास उठावयाचे, दारात गाडी लागली की पोती मोजण्यास मान वर करावयाची. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर लागू झाला आणि त्यानंतर बिल, ई-वे बिल, विवरणपत्र, बँकेचा व्यवहार असे बहुतेक काम संगणकाच्या एकाच पडद्यावर आले. सोय झाली हे खरे; पण सहज मिळणारी ती उसंत गेली.

या उसंतीचे महत्त्व समजण्यास डोळ्याची रचना थोडी पाहिली पाहिजे. जवळचे अक्षर स्पष्ट दिसावे म्हणून डोळ्यातील भिंगाभोवतीचा स्नायू आवळला जातो व भिंग अधिक फुगीर होते. दृष्टी सुमारे २० फुटांपलीकडे गेली की तो स्नायू सैल होतो. तासन्‌तास पडद्याकडेच पाहणे म्हणजे हाती वजन धरून हात खाली न सोडणे होय. दुसरी गोष्ट पापणीची. एरवी आपण मिनिटास सुमारे पंधरा वेळा पापणी मिटतो; पडद्याकडे एकाग्र पाहताना हे प्रमाण निम्म्यावर किंवा त्याहूनही खाली येते. पापणी मिटली नाही की अश्रूंचा पातळ थर वाळतो. मग डोळे चुरचुरतात, अंधुक दिसते, कधी उलट पाणीही वाहते.

याचा धडा आम्हांस आमच्याच पेढीवर मिळाला. २०२३ च्या मार्चअखेरीस एका गिऱ्हाइकाची तीन बिले संगणकात शेजारच्या नावाखाली चढली. कराची वजावट दिसेना म्हणून गिऱ्हाईक रागावले आणि आम्ही वयोवृद्ध दिवाणजींना चारचौघांत बोललो. ते काही न बोलता रुमालाने डोळे पुसत राहिले. दुसऱ्या दिवशी ते रजेवर होते, म्हणून त्यांच्या जागी आम्ही स्वतः बसलो. तोंडासमोर भिंत, पाठीमागच्या खिडकीचा उजेड पडद्यावर, पंख्याचा वारा थेट चेहऱ्यावर! दीड तासात आमचेही डोळे जळू लागले, सहा आणि आठ सारखेच दिसू लागले. आणखी एक गोष्ट त्या खुर्चीवरून कळली: मान वर केली की नजर नेमकी मालकाच्या गादीवर जाते. चार तास ते मान का उचलत नव्हते, याचा उलगडा तेव्हा झाला. ते परत येताच आम्ही त्यांची क्षमा मागितली.

त्यानंतर मेज फिरवून खिडकी बाजूला घेतली, पंखा वळविला आणि रस्त्यापलीकडील दुकानाची पाटी हे पाहण्याचे ठिकाण ठरविले. चुका अजिबात थांबल्या असे आम्ही म्हणणार नाही. परंतु संध्याकाळचे डोळे चोळणे पुष्कळ कमी झाले. आमच्या व्यापारीबंधूंनी पुढील गोष्टी अवश्य कराव्यात.

१. दर वीस मिनिटांनी, वीस फुटांपलीकडील वस्तूकडे, वीस सेकंद पाहावे. हे आकडे लक्षात राहण्यास सोपे म्हणून रूढ झाले. त्यांत मंत्रसामर्थ्य नाही. दृष्टी वारंवार दूर जावी, हा त्यातील गाभा. तासातून एकदा मात्र जागेवरून उठावेच.

२. त्याच वेळी आठ-दहा वेळा सावकाश, पूर्ण पापण्या मिटाव्यात.

३. पडदा हातभर अंतरावर व त्याची वरची कड डोळ्यांच्या किंचित खाली असावी. अक्षरे मोठी करावीत.

४. चाळिशीनंतर वाचनाचा चष्मा पडद्याच्या अंतरास जुळतोच असे नाही. ते अंतर मोजून नेत्रतज्ज्ञास सांगावे.

निळा प्रकाश अडविणाऱ्या काचांसाठी जादा पैसे मोजण्याची गरज नाही. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कॉक्रेन संस्थेच्या आढाव्यात, साध्या काचांच्या तुलनेत त्यांनी डोळ्यांचा शीण कमी होतो असे आढळले नाही. औषधाच्या दुकानातून मनाने थेंब आणूनही घालू नयेत. त्यांत स्टिरॉइड असल्यास डोळ्यातील दाब वाढून काचबिंदू होण्याचा धोका असतो.

पडद्याने येणारा शीण बहुधा विश्रांतीने जातो. परंतु प्रत्येक तक्रार पडद्याच्या खात्यावर टाकू नये. काचबिंदू व मधुमेहाने होणारा नेत्रपटलाचा विकार आरंभी काहीच लक्षण दाखवीत नाहीत. म्हणून मधुमेह असणाऱ्याने दरवर्षी व चाळिशी उलटलेल्या प्रत्येकाने तज्ज्ञांच्या सल्ल्याने नियमित तपासणी करून घ्यावी. एकाएकी दिसेनासे झाले, एकाची दोन दिसू लागली किंवा डोळा तीव्र दुखू लागला, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठावा.

अखेरीस एक विनंती पेढीच्या मालकांस. मासिक विवरणपत्राच्या ११ आणि २० या तारखा जवळ आल्या की नोकर स्वतःहून डोळे वर उचलणार नाही. त्यास ती कामचुकारी वाटते, आणि आपणही तशीच मानत आलो. तेव्हा आधी आपणच मान वर करावी व म्हणावे, “दिवाणजी, जरा रस्त्याकडे पाहा.” या वीस सेकंदांनी पेढीचे नुकसान होत नाही, हिशेब लिहिणाऱ्याची दृष्टी मात्र गेल्यावर विकत मिळत नाही.