विमानांचे संकेत घरी कसे पकडावेत?

बहुतेक प्रवासी विमाने आपली ओळख, उंची, वेग आणि स्थान रेडिओवरून सतत सांगत असतात. या पद्धतीला एडीएस-बी म्हणतात. विमान उपग्रहांच्या मदतीने आपले स्थान ठरवते आणि साधारण सेकंदाला दोनदा १०९० मेगाहर्ट्झवर प्रसारित करते.

सुट्टीत मी हे संकेत पकडणारा संच घरी जुळवला. साहित्य थोडेच: संगणक, त्याच्या यूएसबीला लावायचा आरटीएल-एसडीआर रिसीव्हर, 'डम्प१०९०' हे मोफत सॉफ्टवेअर आणि अँटेना. या लहरीची लांबी सुमारे २७.५ सेंमी असते. म्हणून तिच्या पाव लांबीची, म्हणजे ६.९ सेंमीची तांब्याची तार उभी लावली आणि खाली तेवढ्याच चार तारा तिरक्या पसरल्या.

पहिल्या दिवशी अँटेना खिडकीच्या लोखंडी गजांमागे होती. घरावरून विमान गेले, बाबांनी बोटाने दाखवलेही. पडदा मात्र कोरा! अँटेना गच्चीवर नेताच दूरची विमानेही दिसू लागली. या लहरी जवळजवळ सरळ रेषेत जातात. लोखंड, भिंती, डोंगर त्यांना अडवतात. पृथ्वीच्या गोलाईमुळे ३५,००० फुटांवरचे विमान सुमारे ४०० किमीपर्यंतच पकडता येते. खालून उडणारे त्याआधीच क्षितिजाआड जाते. शिवाय प्रत्येक विमान संकेत पाठवतेच असे नाही.

म्हणून माझ्या नोंदवहीच्या पहिल्या पानावर लिहिले आहे: पडदा कोरा म्हणजे आकाश रिकामे नव्हे. आधी अँटेना तपासा, मग बाहेर जाऊन वर पाहा.