पेन आधी, टॅब मागून

टॅबच्या खोक्यावर ‘स्टायलस सपोर्ट’ असं छापलेलं असतं. याचा नेमका अर्थ काय, हे दुकानदाराकडून वदवून घेतल्याशिवाय पैसे मोजू नयेत, असं मी हल्ली भेटेल त्याला सांगते.

मी मुद्रितशोधन करते. पूर्वी प्रुफं कागदावर यायची आणि लाल खुणांनी भरून परत जायची. आता बहुतेक सगळं पीडीएफमध्ये येतं. आषाढ सरता सरता दिवाळी अंकांची प्रुफं येऊन पडायला लागली की दसऱ्यापर्यंत मान वर करता येत नाही. संगणकावर शेरे टाइप करून का देत नाही, असं नवी मंडळी विचारतात. त्याला कारण आहे. आपल्याकडच्या छपाईच्या कितीतरी फायली अजूनही श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टांत तयार होतात. पानावर मजकूर व्यवस्थित मराठी दिसतो, पण शब्द निवडून कॉपी केला तर हाती रोमन अक्षरांचा गोंधळ येतो, आणि शब्द शोधायला जावं तर सापडत नाही. शिवाय ऱ्हस्व वेलांटी दीर्घ करायची तर ‘पान 42, तिसरा परिच्छेद, दुसरी ओळ’ असं लिहीत बसण्यापेक्षा अक्षरावर खूण आणि समासात दुरुस्ती, हे डीटीपीवाल्यांना एका नजरेत कळतं. काकपद घातलं की तिथं काहीतरी भरायचंय, हे त्यांना सांगावं लागत नाही. म्हणून मला टॅब हवा, आणि टॅबपेक्षाही पेन हवं.

एका प्रकाशनानं संपादकीय कामासाठी टॅब आणले होते. पडदा मोठा, रंग सुरेख, साठवण भरपूर. पेन मात्र त्या टॅबच्या कंपनीचं नव्हतं. ‘यावर कुठलंही चालतं’ असं सांगून दुकानानं सोबत दिलेलं. त्यावर मी एका ललितलेखसंग्रहाचं दुसरं प्रूफ वाचलं आणि फाईल पाठवली. डीटीपी करणाऱ्या मुलाचा फोन आला. “ताई, समासात अनुस्वार लिहिलाय, पण ओळीत टिंब कुठंच दिसत नाही. कुठल्या अक्षरावर घेऊ?” फाईल उघडून पाहिली, तर मी दिलेल्या टिंबांपैकी कितीतरी उमटलीच नव्हती. काकपदं एखादं अक्षर सोडून पडली होती. जिथं हात टेकला होता तिथं बारीक लाल रेघा उठल्या होत्या, आणि त्यातल्या एका रेघेला खोडखूण समजून त्या मुलानं अख्खं वाक्य काढून टाकलं होतं. प्लेटा निघायच्या आधी, तिसऱ्या प्रुफात ते लक्षात आलं. नसतं आलं, तर लेखकानं विचार करून लिहिलेलं एक वाक्य पुस्तकातून नाहीसं झालं असतं, आणि का गेलं हे कुणालाही कळलं नसतं. त्यानंतर मी हा विषय मुळापासून समजून घेतला.

त्या पेनात बिघाड नव्हता. ते पेन टॅबच्या दृष्टीनं बोटच होतं. रबरी टोकाची किंवा पारदर्शक चकती लावलेली स्वस्त पेनं अशीच असतात. पडद्याला कळतं ते एवढंच, की इथं काहीतरी विद्युतवाहक टेकलंय. पेन कुठलं आणि तळहात कुठला, हे त्याला ओळखता येत नाही. अशा अर्थानं ‘स्टायलस सपोर्ट’ प्रत्येक टॅबला असतो, कारण बोटानं चालणाऱ्या प्रत्येक पडद्यावर ही पेनं चालतात.

टॅब ज्याला पेन म्हणून ओळखतो, अशा पेनांच्या मुख्यतः दोन जाती. एक वॅकॉम या जपानी कंपनीच्या तंत्राची. पडद्याखाली तारांचं जाळं असतं, त्यातून चुंबकीय क्षेत्र तयार होतं, आणि पेनातलं तारेचं वेटोळं त्या क्षेत्रातूनच ऊर्जा घेऊन उलट संकेत देतं. पेनाला बॅटरी लागत नाही, टोक टेकायच्या आधीच पडद्याला ते कळलेलं असतं. सॅमसंगचं एस पेन या जातीचं, अगदी 2011च्या पहिल्या गॅलक्सी नोटपासून. दुसऱ्या जातीचं पेन टोकातून स्वतः संकेत पाठवतं आणि पडद्याची स्पर्शजाळीच तो पकडते. याला बॅटरी लागते. ॲपल पेन्सिल, शाओमीचं स्मार्ट पेन, वनप्लसचं स्टायलो ही सगळी या जातीची. अडचण अशी की या दुसऱ्या जातीत प्रत्येक कंपनीची संकेतांची बोली वेगळी. सगळ्यांना एक बोली असावी म्हणून 2015 साली यूएसआय नावाचा प्रयत्न सुरू झाला, पण त्याचा पसारा मुख्यतः क्रोमबुकांपुरता राहिला. शाओमीच्या टॅबवर ॲपलचं पेन चालणार नाही, आणि उलटही नाही.

एकाच कंपनीतसुद्धा गफलत होते, आणि मधल्या किमतीत ती फार होते. सॅमसंगच्या टॅब एस6 लाइट आणि टॅब एस9 एफई यांच्या खोक्यातच एस पेन येतं. त्याच कंपनीचा टॅब ए9 प्लस दिसायला त्यांच्या पंगतीतला, पण त्यात पडद्याखालचं ते जाळंच नाही, त्यामुळे एस पेन त्यावर निर्जीव काडी ठरतं. वनप्लस पॅडवर स्टायलो चालतं, 2023च्या पॅड गोवर चालत नाही. आयपॅडचं गणित आणखी गुंतागुंतीचं. दहाव्या पिढीच्या साध्या आयपॅडवर पहिल्या पिढीची पेन्सिल आणि यूएसबी-सी पेन्सिल चालतात, दुसऱ्या पिढीची आणि प्रो मात्र नाहीत. म्हणून कुणाकडून जुनं पेन स्वस्तात मिळतंय म्हणून त्याला जोडीचा टॅब शोधायला निघू नये. टॅबच्या मॉडेलचं पूर्ण नाव कागदावर लिहून घ्यावं, आणि त्याच मॉडेलसाठी चालणारं पेन कोणतं, हे कंपनीच्या अधिकृत माहितीत वाचावं. दुकानदाराचं ‘चालतंय हो’ इथं पुरत नाही.

जाहिरातीत दाबाच्या पातळ्यांचा आकडा ठळक असतो, 4096 नाहीतर 8192. चित्रकाराला किंवा सुलेखन करणाऱ्याला दाब हवाच, कारण त्यावर रेघ जाड-बारीक होते. अशांनी ॲपलची यूएसबी-सी पेन्सिल घेऊ नये, तिला तिरपेपणा कळतो पण दाब कळत नाही. मात्र 4096 आणि 8192 यांतला फरक हाताला जाणवतो, असं मला वाटत नाही. आणि ज्यांना लिहायचंय, गणितं सोडवून दाखवायचीत, प्रुफं किंवा उत्तरपत्रिका तपासायच्यात, त्यांनी दाबाच्या आकड्यासाठी एक रुपयाही जास्त देऊ नये.

लिहिणाऱ्याला लागतात त्या गोष्टी कुठल्याच खोक्यावर छापलेल्या नसतात. त्या दुकानात उभं राहून स्वतःच तपासाव्या लागतात, आणि त्यासाठी आपल्या देवनागरीसारखी कसोटी नाही. मांडलेल्या टॅबवर नोट्सचं ॲप उघडावं आणि आपल्या रोजच्या अक्षरात, रोजच्या आकारात ‘त्यांच्या कर्तृत्वाची किंमत’ असं काहीतरी लिहावं. अनुस्वार अगदी हलक्या हातानं द्यावा, कागदावर देतो तसा. पेनाला रेघ सुरू करायला जास्त दाब लागत असेल, तर टिंब उमटणार नाही. इंग्रजी लिहून पाहिलं तर ही खोट सहज निसटते, कारण तिथं एखादं टिंब गेलं तरी शब्द वाचता येतो. आपल्याकडे एका ओळीत चार-पाच अनुस्वार सहज येतात आणि त्यातला एक गेला तरी शब्द बिघडतो. रफार आणि वेलांटीची सुरुवात नीट पाहावी. वळणाच्या टोकाला नको असलेली शेपटी फुटत असेल, तर पेन उचललेलं टॅबला उशिरा कळतंय. मग शिरोरेषा द्यावी, लांब, सावकाश. त्यापुढे जाऊन, पट्टी लावून एक तिरकी रेघ अगदी हळू ओढावी. स्पर्शजाळीवर चालणाऱ्या पेनांत ही रेघ कधीकधी लाटेसारखी डुलते, कारण जाळीच्या दोन तारांमधली जागा टॅबला अंदाजानं ठरवावी लागते. भराभर लिहिताना हे झाकलं जातं, सावकाश लिहिताना उघडं पडतं. माझं काम सावकाश लिहिण्याचंच आहे.

हे सगळं तळहात पडद्यावर पूर्ण टेकवून करायचं. हात अधांतरी धरून दुकानात चार ओळी कुणालाही लिहिता येतात, पण शंभर पानं तपासताना तसं केलं तर खांदा धरतो. पडद्याच्या चारही कोपऱ्यांतही लिहून पाहावं, समास तिथंच असतो आणि काही टॅब कडेला जरा चळतात.

काच आणि चित्र यांच्यामधलं अंतर ही आणखी एक बाब. महागड्या टॅबमध्ये दोन्ही थर चिकटवलेले असतात, म्हणून शाई थेट टोकाखालून उमटल्यासारखी वाटते. साध्या आयपॅडमध्ये ते चिकटवलेले नाहीत, आयपॅड एअरमध्ये आहेत. फट असली की तिरक्या नजरेनं पाहताना खूण किंचित बाजूला पडलेली दिसते. मोठ्या अक्षरांत टिपणं काढणाऱ्याला त्याचं काही नाही. बारीक टाइपातल्या दोन अक्षरांमध्ये काकपद घालणाऱ्याला आहे. त्यावर जाड टेम्पर्ड काच लावली तर अंतर आणखी वाढतं. मी पातळ खरखरीत फिल्म वापरते. तिच्यावर पेन कागदासारखं धरून चालतं, पण निब लवकर झिजते, त्यामुळे त्या पेनाच्या सुट्या निबा मिळतात का, हे आधीच विचारून ठेवलेलं बरं.

आकाराचा हिशेब मी पुस्तकाच्या मापावरून करते. डेमी पान साधारण साडेपाच बाय साडेआठ इंच. टॅब एस6 लाइटचा 10.4 इंची पडदा उभा धरला तर रुंदी जवळपास 5.4 इंच आणि उंची 8.9 इंच भरते, म्हणजे डेमी पान जवळपास खऱ्या मापात दिसतं. एफोर पान त्यावर 65 टक्क्यांवर येतं, डोळ्यांना ताण पडतो. आयपॅडचा पडदा आडवा जास्त रुंद, तिथं तेच पान 75 टक्क्यांच्या आसपास राहतं. उत्तरपत्रिका आणि एफोर नोट्स ज्यांना पाहायच्यात त्यांना हा फरक रोज जाणवेल. आठ इंची टॅब या कामाला घेऊच नये. साठवण 128 जीबी भरपूर झाली, आणि प्रोसेसरच्या नावावरून पीडीएफ वाचणाऱ्यानं झोप उडवून घ्यायचं कारण नाही.

20 ते 40 हजारांच्या टप्प्यात हिशेब नेहमी पेनासकट करावा. पेन वेगळं घ्यावं लागलं तर काही हजार वाढतात, आणि खोक्यात पेन असलेला टॅब मग अचानक स्वस्त ठरतो. मी माझ्यासाठी बिनबॅटरीच्या पेनाचा टॅब निवडला, त्याला माझ्या कामाचं चक्र कारण आहे. दिवाळीनंतर माझं पेन बराच काळ पडून असतं, आणि लिथियम बॅटरी पूर्ण उतरलेल्या अवस्थेत महिनोन्‌महिने ठेवली तर ती कायमची निकामी होऊ शकते. चार्जिंगचं पेन असणाऱ्यांनी ते वापर नसतानाही अधूनमधून चार्ज करावं. बिनबॅटरीच्या पेनाचा आणखी एक लाभ असा की स्टेड्लरचं नोरिस डिजिटल किंवा लामीचं अल-स्टार ईएमआर अशी हातात भरणारी पेनंही एस पेनाच्या टॅबवर चालतात. बारीक पेनानं ज्यांची बोटं दुखतात त्यांनी ही जरूर हाताळून पाहावीत. या पडद्यांना चुंबकाचं मात्र वावडं आहे. चुंबकाचं कव्हर मागे दुमडलं की नेमक्या त्या जागी रेघ सरकू शकते. अशा वेळी पेनाला दोष देण्याआधी कव्हर काढून पाहावं.

फाईल परत पाठवतानाची काळजी वेगळीच. काही ॲपांत खुणा पीडीएफच्या वरच्या थरात राहतात आणि समोरच्याच्या संगणकावर, विशेषतः व्हॉट्सॲपमधून थेट उघडल्यावर, दिसतच नाहीत. पाठवण्याआधी फाईल ‘फ्लॅटन’ करावी, म्हणजे खुणा पानातच मुरतात. मूळ प्रत वेगळ्या नावानं ठेवावी, कारण फ्लॅटन केल्यावर खूण पुसता येत नाही. मी फ्लॅटन केलेली प्रत आधी माझ्याच फोनवर पाठवते, पहिलं, मधलं आणि शेवटचं पान मोठं करून अनुस्वार दिसतायत का ते बघते, आणि मगच डीटीपीला रवाना करते.