ज्ञानकोशातील बाह्य दुवे : निवड, लेखन व देखभाल

डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकर यांचा महाराष्ट्रीय ज्ञानकोश तेवीस खंडांत प्रसिद्ध झाला. त्याचे प्रकाशक मंडळ नागपूरचे होते. त्या छापील खंडांत जे ग्रंथ उल्लेखिले आहेत, ते आजही तेच ग्रंथ आहेत. २००३ साली सुरू झालेल्या मराठी विकिपीडियाची गोष्ट निराळी आहे. त्यातील लेखाखाली ‘बाह्य दुवे’ या मथळ्याखाली अन्य संकेतस्थळांचे पत्ते देतात. परंतु त्या पत्त्यावरील पान दुसऱ्याच्या ताब्यात असते व ते केव्हाही बदलू शकते. ज्या गावी ग्रंथालय नाही, तेथील विद्यार्थी शिक्षकाने जोडलेल्या दुव्यावर विश्वास ठेवूनच पुढे जातो. म्हणून हे काम विचारपूर्वक केले पाहिजे.

१. दुव्यांचे प्रकार. ज्ञानकोशातीलच दुसऱ्या लेखाकडे नेणारा तो अंतर्गत दुवा. लेखातील एखाद्या विधानास आधार देणारा तो संदर्भ. तो त्या विधानालगतच द्यावयाचा असतो. लेख वाचून झाल्यावर अधिक माहितीसाठी जेथे जावे, तो बाह्य दुवा. तो लेखाच्या शेवटी, संदर्भांनंतर येतो. मजकुराच्या मध्ये घालू नये.

२. निवड. समजा, ‘रामटेक’ या लेखास दुवे जोडावयाचे आहेत. नागपूर जिल्हा प्रशासनाच्या संकेतस्थळावरील रामटेकविषयक पान किंवा मराठी विश्वकोशातील नोंद योग्य होय. निवासगृहाची जाहिरात, प्रवासी कंपनीचे दरपत्रक, इतरांचे पुस्तक परवानगीवाचून चढविलेले पान, ही अयोग्य होत. स्वतःच्या शाळेचे अथवा संस्थेचे संकेतस्थळ स्वतः जोडणेही प्रशस्त नव्हे. लेखाच्या चर्चापानावर सुचवावे व निर्णय इतरांवर सोपवावा. शोधयंत्रांनी या दुव्यांवरून कोणत्याही संकेतस्थळाचे महत्त्व ठरवू नये, अशी खूण विकिपीडिया स्वतःच करून ठेवतो. तेव्हा प्रसिद्धीचा हेतूही त्यातून साधत नाही. दोन-तीन निवडक दुवे वीस दुव्यांच्या यादीहून अधिक उपयोगी पडतात.

३. लेखनपद्धती. मथळ्याच्या दोन्ही बाजूंस बरोबरीची दोन-दोन चिन्हे द्यावीत. प्रत्येक दुवा नव्या ओळीवर, तारांकन करून लिहावा. एकेरी चौकोनी कंसात प्रथम संपूर्ण पत्ता, नंतर एक मोकळी जागा, मग पानाचे मराठी नाव, असा क्रम आहे. मोकळी जागा राहिली नाही, तर नाव पत्त्यास चिकटते व दुवा चालत नाही. दुहेरी कंस अंतर्गत दुव्यासाठी आहेत. ‘येथे पाहा’ असे न लिहिता, तेथे काय मिळेल ते नावातून कळावे. पान अन्य भाषेत असल्यास तसे नमूद करावे. जतन करण्यापूर्वी झलक पाहून दुवा स्वतः उघडून पाहावा.

४. देखभाल. मराठी विश्वकोशाचे संकेतस्थळही आजवर एकाहून अधिक पत्त्यांवर राहिले आहे. पत्ता बदलला की जुना दुवा तुटतो. याहून मोठा धोका असा की, एखाद्या संस्थेने पत्त्याचे नूतनीकरण केले नाही, तर तोच पत्ता दुसरा कोणी विकत घेऊन तेथे जुगाराची जाहिरातही मांडू शकतो. दुवा तोच, शिक्षकावरील विश्वास तोच. मात्र मुलांपुढे भलतेच पान उघडते. यास्तव आपण जोडलेले दुवे प्रत्येक सत्राच्या आरंभी उघडून पाहावेत. दुवा तुटला असल्यास नवा पत्ता शोधावा. तो न मिळाल्यास १९९६ साली स्थापन झालेल्या ‘इंटरनेट आर्काइव्ह’ या संस्थेच्या संग्रहात त्या पानाची जुनी प्रत आहे का, ते पाहून तिचा दुवा द्यावा. तीही नसल्यास दुवा काढून टाकावा व कारण संपादन-सारांशात लिहावे.

स्वाध्याय. (अ) आपल्या तालुक्यावरील लेख उघडून त्यातील प्रत्येक बाह्य दुवा तपासावा व चालू, तुटलेला, अयोग्य अशी वर्गवारी करावी. (आ) सातवीच्या विद्यार्थ्यांस दोन संकेतस्थळे दाखवून, ‘हे कोणी लिहिले? कशासाठी लिहिले?’ हे दोन प्रश्न विचारावेत. ज्या विद्यार्थ्यास हे प्रश्न विचारण्याची सवय लागली, त्यास ज्ञानकोश वाचता येऊ लागला असे समजावे.