स्थिर शासन आणि हक्काची भाकरी

अन्नसुरक्षा म्हटली की प्रथम डोळ्यांपुढे येतात ती धान्याची कोठारे. परंतु कोठारात धान्य असणे आणि ते भुकेल्याच्या ताटात पडणे या भिन्न गोष्टी होत. या दोहोंमधील अंतर शासनव्यवस्थेला कापावे लागते. १९९१ साली सोमालियातील मध्यवर्ती सत्ता कोसळली. १९९२ च्या दुष्काळात तेथे मदतीचे धान्य पोहोचले, पण सशस्त्र टोळ्यांनी ते वाटेतच लुटले.

याच्या उलट अनुभव महाराष्ट्राचा आहे. १९७२-७३ च्या भीषण दुष्काळात बीडसह मराठवाड्यातील शिवारे करपली. पर्जन्यछायेतील आष्टी, पाटोदा भागात तर अवर्षण नेहमीचेच. मुख्यमंत्री वसंतराव नाईक यांच्या शासनाने दुष्काळी कामे काढली. रस्ते, पाझर तलाव, नालाबांध आणि खडी फोडणे अशा कामांवर मे १९७३ मध्ये राज्यात सुमारे ५० लाख मजूर होते. हाती मजुरी आली, म्हणून बाजारातील ज्वारी वा परदेशातून आलेला मिलो घेता आला. हाल पुष्कळ झाले. परंतु व्यापक भूकबळी टळले.

येथे स्थैर्याचा अर्थ नीट समजून घेतला पाहिजे. एकच व्यक्ती दीर्घकाळ सत्तेवर असणे म्हणजे स्थैर्य नव्हे. वि. स. पागे यांनी पुरस्कारिलेल्या रोजगार हमी योजनेचा इतिहास याची साक्ष देतो. १९७५ साली तिच्या खर्चासाठी व्यवसाय कर बसविण्यात आला. १९७७ साली वसंतदादा पाटील मुख्यमंत्री असताना विधिमंडळाने कायदा संमत केला, आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला तेव्हा मुख्यमंत्री शरद पवार होते. सरकारे बदलली, मजुराला दिलेले वचन मात्र मोडले नाही. पुढे २००५ च्या राष्ट्रीय कायद्यालाही याच अनुभवाचा आधार मिळाला.

तथापि, कायद्याने सारे प्रश्न सुटत नाहीत. दसरा-दिवाळीनंतर बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगारांची कुटुंबे आजही कोयते घेऊन कारखान्यांच्या वाटेला लागतात. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने पात्र कुटुंबांना धान्याचा हक्क दिला. शिधापत्रिकेवरील धान्य अन्य गावी उचलण्याची सोयही झाली. परंतु ही सोय ठाऊकच नसेल, अथवा शिधापत्रिकेत मुलांची नावे नसतील, तर कागदावरील हक्क फडाजवळच्या कोपीपर्यंत कसा पोहोचणार?

म्हणूनच स्थलांतरापूर्वी भरणाऱ्या ग्रामसभेत शिधापत्रिकांची तपासणी व्हावी. शिक्षकांनी शाळेतील मुलांच्या नावांची खातरजमा करावी, ग्रामपंचायत सदस्यांनी गावातील कामांची मागणी वेळेवर नोंदवावी आणि अधिकाऱ्यांनी ती तत्परतेने मार्गी लावावी. राज्याचे स्थैर्य राजधानीत दिसते. परंतु त्याची खरी कसोटी गावातील चुलीपाशी लागते.