खेळाचे धडे आणि सुखाचा हिशेब

रायपूर शहराच्या जुन्या भागात सदर बाजार नावाची पेठ आहे. सोन्याचांदीची दुकाने ही तिची मुख्य ओळख. अठराव्या शतकात छत्तीसगडवर नागपूरकर भोसल्यांचा अंमल बसला आणि त्यानंतर पिढ्यानपिढ्या अनेक मराठी कुटुंबे या प्रदेशात येऊन स्थायिक झाली. अशाच एका कुटुंबाचे उदाहरण आपण कल्पू. सदर बाजारालगतच्या गल्लीत वडील दागिने घडविण्याचे काम करतात. एकोणीस वर्षांचा मुलगा त्यांच्या हाताखाली शिकत आहे. दिवसा ऐरणीपुढे बसला की तासाभरात तो कंटाळतो. रात्री मात्र हाच मुलगा मोबाइलवरील खेळात दोन-तीन तास तल्लीन असतो. एकच टप्पा वीस वेळा हरतो आणि एकविसाव्या वेळी पुन्हा सुरू करतो. एके दिवशी वडील म्हणतात, “अरे, तिथे एवढे चित्त लागते, मग इथेच काय होते?” मुलगा उत्तरतो, “बाबा, मला हे काम जमणार नाही. मी दुसरीकडे नोकरी बघतो.” यानंतर दोघांचे बोलणे कामापुरतेच उरते.

असा प्रसंग आज असंख्य घरांत घडतो. आपण सामान्यतः मुलाला दोष देतो, किंवा खेळाला. प्रस्तुत प्रकरणात हा प्रश्न उलट बाजूने तपासावयाचा आहे. जे लक्ष, जी चिकाटी आणि जो आनंद खेळात सहज प्रकट होतो, तो कोणत्या कारणांनी होतो? ती कारणे आपल्या नित्याच्या जीवनात आणता येतील काय?

खेळ म्हणजे काय

डच इतिहासकार योहान हाउझिंगा यांनी १९३८ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात असे प्रतिपादन केले की, खेळ ही संस्कृतीच्या कडेला असलेली करमणूक नसून संस्कृतीच्या घडणीचाच तो एक घटक आहे. पुढे १९७८ साली बर्नार्ड सूट्स या तत्त्वज्ञाने खेळाची जी व्याख्या केली तिचा आशय असा: ज्या अडथळ्यांची काही गरज नव्हती, ते स्वेच्छेने स्वीकारून पार करण्याचा प्रयत्न म्हणजे खेळ. चेंडू हाताने उचलून जाळ्यात टाकणे अगदी सोपे आहे. परंतु फुटबॉल खेळणारा तो सोपा मार्ग स्वतःहून वर्ज्य करतो आणि त्या बंधनातच त्याला रस वाटू लागतो.

यावरून एक महत्त्वाची गोष्ट ध्यानात येते. माणसाला श्रम नकोसे असतात, हा समज अपुरा आहे. त्याला नकोसे असतात ते निरर्थक, दिशाहीन आणि लादलेले श्रम. योग्य रीतीने मांडलेले कठीण काम तो आपण होऊन मागून घेतो.

व्हिडिओ खेळांच्या इतिहासात हे स्पष्ट दिसते. १९७२ साली अमेरिकेत ‘पाँग’ हा खेळ आला. दोन फळ्या आणि एक ठिपका, एवढाच त्याचा पसारा. १९८० साली जपानमध्ये ‘पॅक-मॅन’ आला, १९८४ साली मॉस्कोत अलेक्सेई पाजितनोव यांनी ‘टेट्रिस’ रचला आणि १९८५ साली ‘सुपर मारिओ’ आला. आपल्याकडे टीव्हीला जोडावयाचे यंत्र आणि त्यात घालावयाच्या ‘कॅसेट’ यांच्या रूपाने यांपैकी काही खेळ मध्यमवर्गीय घरांत पोहोचले. या खेळांत बक्षीस म्हणून हाती काहीच पडत नव्हते. तरीही लोक खेळत राहिले. त्याची कारणे आता क्रमाने पाहू.

पहिला धडा: पुढचे पाऊल स्पष्ट असावे

चांगला खेळ खेळणाऱ्याला कधीही “उत्तम हो” असे सांगत नाही. तो सांगतो, “हा खड्डा ओलांड.” तो ओलांडल्यावर पुढचा खड्डा दिसतो. आयुष्यात मात्र आपण स्वतःपुढे अवाढव्य आणि धूसर उद्दिष्टे ठेवतो. आरोग्य सुधारावे, विद्वान व्हावे, उत्तम कारागीर व्हावे, ही उद्दिष्टे खोटी नाहीत; परंतु उद्या सकाळी दहा वाजता काय करावयाचे, हे त्यांतून कळत नाही. “कारागीर हो” या आज्ञेपुढे आपल्या उदाहरणातील मुलगा गोंधळतो. “आज या पाच कड्यांचे जोड असे दे की नखाला जाणवू नयेत,” असे सांगितले तर काम तेच राहते, पण त्याला आकार येतो.

दुसरा धडा: प्रतिसाद तत्काळ मिळावा

खेळात चूक झाली की ती त्याच क्षणी कळते. जीवनातील पुष्कळसे दुःख प्रतिसादाच्या विलंबातून जन्म घेते. सराफाच्या व्यवसायात तत्काळ प्रतिसादाचे एक फार जुने साधन आहे, ते म्हणजे कसोटीचा दगड. काळ्या दगडावर सोने घासावयाचे, त्याची रेघ माहीत असलेल्या कसाच्या रेघेशी ताडून पाहावयाची, त्यावर आम्ल लावून रंग कसा टिकतो ते बघावयाचे. आता यासाठी यंत्रेही आली आहेत; परंतु तत्त्व तेच. दगड रागावत नाही, स्तुतीही करीत नाही. आहे ते दाखवितो.

आता त्या गल्लीतील दुकानाकडे पाहा. घडणीत सोन्याची थोडी घट होतेच. मुलाच्या हातून ती अधिक होते. वडील महिनाअखेर हिशेब मांडतात आणि एकदम महिन्याभराची बोलणी देतात. नेमके कोणत्या दिवशी, कोणत्या कामात कण वाया गेले, हे मुलाला कळतच नाही. कळते ते एवढेच की आपण नालायक आहोत. हेच वजन रोज संध्याकाळी दोघांनी मिळून केले असते तर तो आकडा दोषारोप न राहता शिक्षण झाला असता.

तिसरा धडा: आव्हान आणि कौशल्य यांचा मेळ

मिहाय चिक्सेंटमिहाय या मानसशास्त्रज्ञाने गिर्यारोहक, बुद्धिबळपटू, नर्तक, शल्यचिकित्सक अशा लोकांच्या अनुभवांचा अभ्यास करून १९७५ साली आपले निष्कर्ष ग्रंथरूपाने मांडले. काम कौशल्याच्या मानाने फार सोपे असेल तर कंटाळा येतो; फार कठीण असेल तर चिंता वाटते. दोहोंच्या मधल्या अरुंद पट्ट्यात माणूस स्वतःला विसरतो, काळाचे भान हरपते, आणि नंतर तोच अनुभव त्याला अत्यंत सुखाचा वाटतो. खेळ रचणारे हा पट्टा जाणीवपूर्वक सांभाळतात. खेळणाऱ्याचा हात बसू लागला की वेग थोडा वाढवितात. आपल्या कामात ही जबाबदारी आपल्यालाच घ्यावी लागते. कंटाळा आला असेल तर काम सोडण्यापूर्वी ते थोडे कठीण करून पाहावे, आणि भीती वाटत असेल तर त्याचे लहान तुकडे पाडावेत.

चौथा धडा: हार ही माहिती आहे

‘टेट्रिस’मध्ये वरून पडणारे तुकडे रचावयाचे असतात. वेग वाढत जातो आणि शेवटी रचना कोसळते. घरगुती यंत्रावर १९८९ साली आलेल्या या खेळाच्या आवृत्तीत कोणा माणसाने खेळाच्या अंतापर्यंत पोहोचणे अशक्यप्राय मानले जाई. डिसेंबर २०२३ मध्ये अमेरिकेतील तेरा वर्षांच्या एका मुलाने १५७व्या पातळीपर्यंत मजल मारली, आणि अखेर यंत्रच थबकले. या घटनेचे कौतुक जगभर झाले. परंतु तिच्यामागे चौतीस वर्षांतील असंख्य खेळाडूंचे असंख्य पराभव होते. प्रत्येक पराभवातून बोटांची नवी पकड, नवी युक्ती निघाली आणि ती एकाकडून दुसऱ्याकडे गेली.

खेळातील हार आपल्याला मोडीत का नाही? कारण ती आपल्या प्रयत्नावरचा निर्णय असते; माणूस म्हणून आपल्या योग्यतेवरचा नव्हे. जीवनात आपण ही सीमारेषा पुसून टाकतो. “परीक्षेत नापास झालो” हे वाक्य “मी नापास माणूस आहे” असे कधी बनते, ते कळतही नाही.

येथे रायपूरच्याच एका थोर मराठी भाषिकाचे स्मरण होते. माधवराव सप्रे (१८७१–१९२६) यांनी १९०० साली ‘छत्तीसगढ मित्र’ हे हिंदी मासिक काढले आणि पुढे लोकमान्य टिळकांचे ‘गीतारहस्य’ हिंदीत आणले. फळावर दृष्टी न खिळविता कर्म पूर्ण मनोभावे करावे, हा त्या ग्रंथातील कर्मयोग पुष्कळांना दुष्कर वाटतो. परंतु मुलांचा खेळ नीट पाहिला तर त्याची एक पुसट प्रतिमा तेथे दिसते. मूल जिंकण्यासाठी सर्वस्व पणाला लावते, आणि हरल्यावर क्षणभर हिरमुसून पुन्हा डाव मांडते. दोन्हींची तुलना फार ताणू नये, कारण कर्तव्य हे खेळापेक्षा गंभीर असते. तरीही प्रयत्नाची उत्कटता आणि फळाविषयीची अनासक्ती ही एकत्र नांदू शकतात, याचा पुरावा प्रत्येक अंगणात आहे.

जुना पट, जुने शहाणपण

खेळातून जगणे शिकावे ही कल्पना आपल्याकडे नवी नाही. सापशिडीचे मूळ रूप असलेला मोक्षपट कवड्यांनी खेळला जाई. महाराष्ट्रातील परंपरा तो संत ज्ञानेश्वरांच्या नावाशी जोडते. त्यातील शिड्या सद्गुणांच्या आणि साप दुर्गुणांचे. जैन समाजातही असाच ज्ञानाचा पट खेळला जात असे. पुढे हा खेळ इंग्लंडला जाऊन मुलांची करमणूक होऊन परत आला आणि घरांवरची गुणांची नावे गळून पडली. मूळ पटाची शिकवण मात्र लक्षात ठेवण्याजोगी आहे: शेवटच्या घराजवळ पोहोचलेल्यालाही साप गिळू शकतो, आणि खाली घसरलेल्यालाही पुढच्या दानात शिडी मिळू शकते.

सापांची ओळख

खेळाचे गुणगान करताना त्यातील सापांकडे दुर्लक्ष करून चालणार नाही. छत्तीसगडमध्ये नदीची वाळू धुऊन सोन्याचे कण शोधणारे सोनझरा लोक आहेत. सोनारांच्या दुकानातील राख आणि केर चाळणाऱ्याला मराठीत झारेकरी म्हणतात. कोणत्या चाळणीत कण सापडेल हे ठाऊक नसते, म्हणूनच हात पुढची चाळणी उचलतो. बी. एफ. स्किनर आदी मानसशास्त्रज्ञांनी विसाव्या शतकाच्या मध्यास प्रयोगांनी दाखविले की, अनिश्चित अंतराने मिळणारे बक्षीस सवयीला सर्वांत चिवट बनविते. झारेकऱ्याला त्यातून भाकरी मिळते. जुगारी मात्र त्यातच बुडतो. आजचे कित्येक मोबाइल खेळ याच तत्त्वावर माणसाला खिळवून ठेवतात. पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांना बंदी घालणारा कायदा भारतीय संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये संमत केला, त्यामागे हीच चिंता होती.

जागतिक आरोग्य संघटनेने खेळाच्या विकाराचा समावेश रोगांच्या अकराव्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात केला असून ते १ जानेवारी २०२२ पासून लागू झाले. खेळण्यावर ताबा न राहणे, इतर सर्व गोष्टींपेक्षा खेळाला अग्रक्रम देणे, आणि नुकसान होत असूनही खेळत राहणे, ही त्याची लक्षणे. ती सामान्यतः बारा महिने टिकली असता निदान केले जाते. तेव्हा रोज तासभर खेळणाऱ्या प्रत्येक मुलाला रोगी ठरविणे जितके चुकीचे, तितकेच खऱ्या रुग्णाला केवळ हट्टी समजणेही चुकीचे होय. अशा वेळी वैद्यकीय मदत घ्यावी.

आणखी दोन मर्यादा सांगितल्या पाहिजेत. एक, खेळात तीन जीव मिळतात, जगण्यात एकच. म्हणून जेथे चूक भरून येणार नाही, तेथे खेळाडूची बेफिकिरी नको. दुसरी, सर्वच गोष्टींना गुण देता येत नाहीत. आईची शुश्रूषा, मित्राचे दुःख ऐकणे यांचे आकडे मांडू लागलो की त्यांचा अर्थच हरवतो. शिवाय दारिद्र्य आणि अन्याय हे केवळ दृष्टिकोन बदलल्याने दूर होत नाहीत. ज्या पटाचे नियमच अन्यायाचे आहेत, तो पट बदलण्याचा विचार करावा लागतो.

अभ्यास

वाचकांनी एक आठवडा पुढील प्रयोग करून पाहावा.

१. जे काम सतत टाळले जाते असे एकच काम निवडावे आणि त्याचे पहिले पाऊल एका वाक्यात लिहावे. ते वीस मिनिटांत पुरे होणारे असावे.

२. ते झाले की नाही, हे त्याच दिवशी दाखविणारी एक ‘कसोटी’ ठरवावी; उदाहरणार्थ, वजन, मोजमाप किंवा वहीतील खूण.

३. जमले नाही तर “मी कसा आहे” असे न लिहिता “काय घडले” एवढेच लिहावे.

४. या प्रयत्नात एका सोबत्याला सामील करून घ्यावे. एकट्याने खेळलेला डाव लवकर कंटाळवाणा होतो.

५. सातव्या दिवशी काम सोपे वाटत असेल तर थोडे कठीण करावे, कठीण वाटत असेल तर लहान करावे.

आता आपण त्या गल्लीतील दुकानात परत जाऊ. समजा, वडिलांनी महिनाअखेरची बोलणी बंद केली आणि रोज दिवेलागणीला ते मुलाबरोबर काट्यापुढे बसू लागले. सकाळचे वजन, संध्याकाळचे वजन, मधली घट. पहिल्या दिवशी आकडा वाईट येईल. चौथ्या दिवशी मुलगा स्वतःच म्हणेल, “बाबा, कानस चालवताना खाली कापड अंथरले नव्हते.” तो या व्यवसायात राहील किंवा न राहील, तो निर्णय त्याचा आहे, आणि स्वेच्छेवाचून कोणताही खेळ खेळ राहत नाही. परंतु तो गेलाच, तर आपण नालायक ठरलो म्हणून जाणार नाही; आपल्या हाताला काय येते आणि काय येत नाही, हे जाणून जाईल. आणि काट्यापुढे बसलेल्या त्या दोघांमध्ये जे बोलणे पुन्हा सुरू झाले असेल, ते कोणत्याही हिशेबात जमेच्या बाजूलाच मांडावे लागेल.