आजींचे भाडे २०० रुपये, मग माझे ४०,००० का?

प्रश्न : नोकरीनिमित्त मी गिरगावात भाड्याने जागा शोधते आहे. तिथल्या एका चाळीत ओळखीच्या आजी राहतात. त्यांच्या खोलीचे भाडे महिन्याला २०० रुपयांच्या आत. समोरच्या इमारतीत साधारण तेवढ्याच जागेसाठी मला ४०,००० सांगितले, वर अनामत वेगळी आणि करार ११ महिन्यांचाच. गल्ली एक, मग एवढा फरक कसा? आजींसारखी खोली मला मिळेल का?

उत्तर : खोली मिळू शकेल, पण ती वाटते तितकी स्वस्त पडणार नाही. आजी आणि तुम्ही शेजारी झालात, तरी दोघींना वेगवेगळे नियम लागू होतील. ते एकेक करून पाहू.

आधी आजींचे भाडे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात मुंबईत माणसे वाढत होती आणि घरे अपुरी पडत होती. भाडी भडकू नयेत म्हणून सरकारने भाडेनियंत्रण आणले. पुढे १९४७ च्या कायद्याने १ सप्टेंबर १९४० रोजी असलेले भाडे हेच प्रमाण मानले. जागा त्यानंतर प्रथम भाड्याने गेली असेल, तर ते पहिले भाडे धरायचे. युद्ध संपले, पण आकडा जवळजवळ तिथेच राहिला. १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने असे भाडे गोठवून ठेवणे आता वाजवी राहिले नसल्याचे सांगितले. त्यानंतर आलेला महाराष्ट्र भाडेनियंत्रण कायदा ३१ मार्च २००० पासून लागू झाला आणि मालकाला वर्षाला ४ टक्के वाढ करता येऊ लागली. मात्र मूळ आकडाच लहान असेल, तर टक्केवारीने फारसे काही साधत नाही. ५० रुपये दरवर्षी ४ टक्क्यांनी वाढत गेले, तरी २५ वर्षांनी ते १३३ च्या आसपासच पोचतात.

आजींना भाडेपावती दाखवायला सांगा. खोली क्रमांक, महिना, भाडे आणि बहुधा दुरुस्ती उपकराची वेगळी नोंद तिच्यावर दिसेल. इतक्या भाड्यात इमारतीची डागडुजी मालकाला परवडेना, चाळी खचू लागल्या. म्हणून १९६९ मध्ये कायदा करून उपकर आणि दुरुस्ती मंडळ आले. आज हे काम म्हाडाच्या अखत्यारीत आहे.

मग मालक अशी खोली नव्या माणसाला देतो कशी? आधी एकरकमी पैसे घेऊन. हीच पागडी. जुन्या कायद्यात ती घेणे गुन्हा होता, त्यामुळे व्यवहार रोखीने आणि बिनपावतीचा होई. नव्या कायद्याच्या ५६ व्या कलमाने तिला मान्यता दिली. आजींनी उद्या खोली तुमच्या नावावर करायची ठरवली, तर तुम्हाला त्यांना मोठी रक्कम मोजावी लागेल. मालकाची संमतीही लागेल आणि त्या रकमेतला हिस्सा, रिवाजाने साधारण एकतृतीयांश, त्याच्याकडे जाईल. म्हणजे दरमहा जे वाचते, ते आधीच भरून झालेले असते.

पागडी भरली म्हणजे खोली आपल्या मालकीची झाली, असा समज सर्रास आढळतो. तो चुकीचा आहे. पागडीवाला भाडेकरूच राहतो. भाडे थकवले, संमतीशिवाय पोटभाडेकरू ठेवला किंवा योग्य कारणाशिवाय सलग सहा महिने जागा वापरलीच नाही, तर मालक ती परत मागायला न्यायालयात जाऊ शकतो.

आता तुमची समोरची खोली. तिचा करार 'लिव्ह अँड लायसन्स'चा असेल. त्यात मालक ठरावीक मुदतीपुरती राहण्याची परवानगी देतो, भाडेकरूचा हक्क देत नाही. म्हणून रक्कम बाजारभावाने ठरते. मालक इतके सावध का, यालाही इतिहास आहे. १ फेब्रुवारी १९७३ रोजी अशा परवान्यावर राहत असलेल्यांना कायद्यातील दुरुस्तीने भाडेकरू मानले गेले. तेव्हापासून जागा कायमची हातची जाईल या धास्तीने अनेकांनी ती कुलूपबंद ठेवणे पसंत केले. आजचा कायदा वेगळा आहे. मुदत संपल्यावरही जागा न सोडणाऱ्याकडून मालक दुप्पट शुल्क मागू शकतो, आणि ११ महिन्यांचे करार वर्षानुवर्षे केले तरी भाडेकरूचा हक्क तयार होत नाही.

११ हा आकडा मात्र १९०८ च्या नोंदणी कायद्यातून आला. एक वर्षापेक्षा अधिक मुदतीच्या भाडेपट्ट्याला नोंदणी सक्तीची, म्हणून त्याच्या आत राहण्याची सवय देशभर पडली. महाराष्ट्रात या सवयीचा उपयोग नाही. इथे भाडेनियंत्रण कायद्याच्या ५५ व्या कलमानुसार करार लेखी आणि नोंदणीकृतच हवा, मुदत ११ महिने असो की ३६. नोंदणीची जबाबदारी मालकाची आहे. ती टाळल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद, ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. शिवाय वाद झाला, तर उलट सिद्ध होईपर्यंत अटींबाबत राहणाऱ्याचेच म्हणणे ग्राह्य धरले जाते.

तेव्हा "अकरा महिन्यांचाच तर आहे, नोटरी करून टाकू" असे कोणी म्हणाले, तर ठामपणे नाही म्हणा. अनामत बँकेतून द्या, तिचा आकडा आणि परत करण्याची अट करारात लिहून घ्या, आणि नोंदणी झालेली प्रत स्वतःजवळ ठेवा. जागा सोडताना अनामत परत मिळवायला हाच कागद उपयोगी पडेल.